जळत्या गाडीचा हॉर्न

फोन आला तेव्हा मी नागपूरच्या धंतोलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात बसले होते. बाहुल्या मोठ्या करायचं औषध दोन्ही डोळ्यांत घातलेलं, समोरची माणसं पाण्यात पडल्यासारखी दिसत होती आणि मोबाइलवरचं नावही वाचता येत नव्हतं. आवाजावरून ओळखलं, कुसुमताई, माझी थोरली बहीण. ती म्हणाली, "अलका, कुठं हायेस वं? हे जळले..." मला वाटलं घरातलं काहीतरी जळलं, मिक्सर, गिझर, वायर. मी विचारलं, "काय जळलं?" तर ती एकदम ओरडली, "काय नाही वं, हे! तुहे भाऊजी!" तिनं ज्या हॉस्पिटलचं नाव घेतलं ते तिथून दोन गल्ल्या सोडून होतं. मी ऑटोसुद्धा केला नाही. उन्हात डोळे उघडवत नव्हते. पदर कपाळावर धरून, भिंतींच्या कडेकडेनं, लोकांना धडकत मी पोचले. त्या शेवटच्या दिवसांतलं भाऊजींचं पहिलं दर्शन असं, नीट न दिसता झालं. स्ट्रेचरवर पांढरं काहीतरी, आणि त्यातून येणारा वास... केस जळाल्याचा, रबर जळाल्याचा, आणि त्याच्याखाली आणखी एक. डोळ्यांना दिसत नव्हतं ते बरंच झालं असं आजही वाटतं. नाकाला मात्र कोणी औषध घातलं नव्हतं.

त्यांना जाऊन आता सहा आठवडे झाले. नामदेव रेवतकर त्यांचं नाव. नरखेड तालुक्यातल्या एका संत्र्याच्या गावचे. फौजेत ड्रायव्हर म्हणून गेले आणि सुभेदार होऊन परतले. लढणाऱ्यांपर्यंत गोळे, डिझेल, पीठ, बटाटे पोचवायचे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. ताईला पाहायला आले तेव्हा आमच्या बाबांनी कौतुकानं लढाईबद्दल विचारलं, तर म्हणाले, "आमी लढत नाही जी, लढणाऱ्याचं पोट भरतो." लग्नाच्या दिवशी वरातीच्या मेटॅडोरचा ड्रायव्हर पिऊन आलाय हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी त्याला मागं बसवलं, बाशिंग वर सरकवलं आणि नवरदेव स्वतःच गाडी चालवत मांडवासमोर उतरला. आमच्याकडच्या बायका हसून हसून बेजार झाल्या, ताई मात्र रडकुंडीला आली. पुढं कितीतरी वर्षं या गोष्टीवरून आम्ही साळ्या त्यांना चिडवायचो, तेव्हा ते शांतपणे म्हणायचे, "ज्याच्या हाती गाडी, त्याच्या अंगावर आतले जीव." त्यांच्या तोंडून असं ठरीव वाक्य क्वचितच यायचं, म्हणून लक्षात राहिलं.

मग सीमेवर ती लढाई झाली. तिचं नाव मी घेत नाही, भाऊजीही कधी घ्यायचे नाहीत. 'वर होतो तवा' एवढंच म्हणायचे. वरून परतल्यावर पहिल्या सुट्टीत ते एका दुपारी एकटेच माझ्या घरी आले. मी तेव्हा पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवत होते. पाणी प्यायले, चहाला नको म्हणाले आणि विचारलं, "अलका, गाडी जळत असली तं हॉर्न आपोआप वाजते का वं?" मला प्रश्न आवडला. कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून मी त्यावर आकृती काढली. हॉर्नचं बटण म्हणजे काही मोठं यंत्र नसतं. ते दाबलं की एक वायर गाडीच्या लोखंडाला टेकते आणि हॉर्न वाजतो. आगीत वायरवरचं प्लास्टिक वितळलं, उघडी तार लोखंडाला लागली, की बटण न दाबताही तेच होतं. ते बराच वेळ आकृतीकडं पाहत राहिले. "म्हंजे वाजू शकते." मी म्हटलं, हो. "पण वाजू शकते अन् वाजला, ह्याच्यात फरक राह्यते ना?" मी हसून म्हटलं, "फरक तर असतोच. पण वायर काही कोर्टात येऊन साक्ष देत नाही, भाऊजी." त्यांनी कागदाची घडी केली, शर्टाच्या खिशात घातली आणि निघून गेले. माझं ते हसू मला आजही आठवतं.

कशासाठी विचारलं होतं ते कळायला तीन-चार वर्षं गेली. आम्ही गावाहून नागपूरला परत येत होतो, ताई मागच्या सीटवर झोपलेली, आणि काटोलच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला एका ट्रकचा जळून काळा झालेला सांगाडा उभा होता. भाऊजींनी गाडी हळू केली, थांबवली नाही. आणि मान न वळवता, समोर बघत, सांगायला लागले.

डोंगरातला एकेरी रस्ता, डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला दरी. बारा गाड्यांचा ताफा, पोटात तोफगोळ्यांच्या पेट्या. सगळ्यात पुढच्या गाडीत दलीप, हिमाचलचा, त्यांच्या ताटात जेवणारा. त्याच्या लगेच मागच्या गाडीत भाऊजी. त्या उंचीवर हवा पातळ, डिझेलचं इंजिन धापा टाकतं, काळा धूर सोडतं, आवाज दरीभर फिरतो. पलीकडच्या माथ्यावर बसलेल्याला दुर्बीणसुद्धा लागत नाही. पहिला गोळा वर कड्यावर पडला, दगड कोसळले. दुसरा दरीत. तिसरा दलीपच्या बॉनेटवर. "दरवाज्याचा पत्रा उडून माह्या काचेवर आला. मंग एक बूट आला. तो रिकामा नव्हता वं..." तो दलीपच्या शेजारी बसलेल्याचा होता, हे बुटाच्या लेसवरून त्यांनी ओळखलं, त्या माणसाकडं एकाच रंगाच्या दोन लेस नव्हत्या. पुढची गाडी पेटली. तिच्यातल्या पेट्या कुठल्याही क्षणी फुटणार, आणि फुटल्या की मागच्या अकरा गाड्या ओळीनं फुटणार, कारण त्या रस्त्यावर मागं जायला जागाच नाही. साहेब धावत आले, त्यांच्या कपाळावरून रक्त डोळ्यात उतरत होतं. "धक्का दो! गिरा दो नीचे!" भाऊजींनी पहिला गिअर टाकला, बंपर पुढच्या गाडीच्या पाठीला लावला. ज्वाळा त्यांच्या काचेवर येत होत्या, वायपरचं रबर वितळून गळत होतं. गाडी इंचाइंचानं हलायला लागली.

आणि हॉर्न वाजायला लागला.

"तुटक नाही वं. लंबा. एकसारखा. जसा कोणी बटनावर हात ठेवून राह्यला." त्यांचा पाय वर उचलला गेला. साहेबांनी रायफलचा दस्ता दरवाज्यावर हाणला, "रुकना मत, रेवतकर!" पाय पुन्हा खाली गेला. गाडी कडेवरून घसरली, एकदा उलटली, दुसऱ्यांदा उलटली, आणि हॉर्न वाजतच होता. खाली आदळली तरी वाजत होता. मग पेट्या फुटल्या. मग बंद झाला.

बाकीचे सगळे वाचले. संध्याकाळी तोफांना गोळे मिळाले. भाऊजींना शाबासकीचं पत्र मिळालं, ते आमच्यापैकी कोणीही भिंतीवर लावलेलं पाहिलं नाही. पुढच्या वर्षी ते दलीपच्या गावी गेले. त्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी एकच विचारलं, तकलीफ तो नहीं हुई? "म्या सांगितलं, नहीं बाबूजी, पता ही नहीं चला. त्या म्हाताऱ्यानं माह्ये हात धरून डोळ्याले लावले. हात..." भाऊजींनी गिअर बदलला. "म्या तं पायानं ढकललं होतं वं." मी विचारलं, ताईला सांगितलंत? ते म्हणाले, "तिले काहून त्रास देऊ?" मागं ताई झोपलेली होती. निदान मला तसं वाटलं.

निवृत्तीनंतर ते वर्धा रोडवरच्या एका मोठ्या गोदामात गाड्यांचे इन्चार्ज म्हणून लागले. तिथं विजेवर चालणारे ट्रक आले, आणि साठी ओलांडलेल्या भाऊजींना नव्यानं शाळेत घातल्यासारखं झालं. रोज संध्याकाळी मला फोन. "अलका, आवाजच नाही वं! मागून आली तं माणसाले पत्ता नाही." मग प्रश्न सुरू. हवा पातळ असली तर मोटर दमते का? मी म्हणाले, नाही, मोटरला हवा लागतच नाही. उतारावर ब्रेक मारला की बॅटरी भरते, हे खरं का? खरं. प्रत्येक उत्तरानंतर ते गप्प व्हायचे, आणि मला कळायचं की त्यांच्या डोक्यात तो ट्रक वर्धा रोडवर चालत नाहीये. तो कड्याच्या बाजूनं, दरीच्या कडेनं चाललाय. टीव्हीवर तेव्हा परदेशातल्या लढाया दाखवत होते. हाताएवढं ड्रोन पुरवठ्याच्या ट्रकच्या मागं लागतं, ड्रायव्हर उतरून पळतो, ड्रोन त्याच्याही मागं पळतं, आणि मग चित्र बंद होतं. ताई चॅनल बदला म्हणायची. भाऊजी रिमोट देत नसत. "ड्रोनले इंजिनची गरमी दिसते. ह्या गाडीची गरमी कमी. दलीप ह्या गाडीत असता तं..." वाक्य तिथंच संपायचं.

आणि आता मला माझ्या वाट्याचं सांगायला हवं. मेश्राम हा माझा जुना विद्यार्थी, आता पंचेचाळिशीचा, एका खासगी कंपनीत गाड्यांच्या चाचण्या घेतो. कंपनी मालवाहतुकीचे इलेक्ट्रिक ट्रक बनवते. बाजारात विकतात तेच ट्रक, थोडे फेरफार करून, लढाईत पुरवठ्याला चालतील, असा प्रस्ताव त्यांना फौजेला द्यायचा होता. मेश्राम मला म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे पदव्या पुष्कळ आहेत. खरोखर गोळ्यांखाली ट्रक चालवलेला माणूस एकही नाही." मी भाऊजींचा नंबर दिला. मीच दिला.

चार महिने भाऊजी पुन्हा फौजेत असल्यासारखे राहिले. सकाळी उठून दाढी, वही, पेन. त्या वहीत त्यांनी जे लिहिलं ते एखाद्या तज्ज्ञालाही सुचलं नसतं. ट्रकची बाजू त्यांनी आधी लिहिली, आणि मनापासून लिहिली: शेवटचे काही मैल, जिथं आवाज म्हणजे मरण, तिथं ही गाडी सोन्यासारखी, आणि पोचल्यावर तिच्याच बॅटरीवर डॉक्टरच्या तंबूतला दिवा आणि वायरलेस चालेल, वेगळा जनरेटर धडधडायला नको. मग दुसरी बाजू. बर्फात बॅटरी निम्मी होते. डिझेल खेचराच्या पाठीवर चढवता येतं, वीज कोणत्या खेचरावर चढवायची? गाडी कुठं उभी आहे हे कंपनीच्या कॉम्प्युटरला सतत दिसतं. जे कंपनीला दिसतं ते एक दिवस दुश्मनाला दिसेल, आणि दुरून बंद करता येणारी गाडी दुश्मनालाही बंद करता येईल. बॅटरीत गोळी शिरली तर? कंपनीच्या साहेबांनी प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट दाखवलं. भाऊजी म्हणाले, "साहेब, हे कागद गोळीले दाखवू का?" पण त्यांचा सगळ्यात मोठा आक्षेप वेगळाच होता. मरण पावलेली गाडी हलेल का? डिझेलचा ट्रक मेला तरी न्यूट्रल करून ढकलता येतो. या गाडीची वीज गेली की ब्रेक आपोआप आवळले जातात, चाकं जाम होतात. शहरात ते चांगलं, कोणाच्या अंगावर जात नाही. डोंगरातल्या एकेरी रस्त्यावर तीच एक मेलेली गाडी मागच्या अकरांना मारेल. मला वही दाखवताना त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "त्या दिवशी दलीपची गाडी हलली वं. ही असती तं हललीच नसती." त्यांच्या आवाजात काय होतं, मला सांगता येणार नाही. गाडी हलली म्हणून मागच्या अकरा गाड्यांतले जगले; आणि ती हललीच नसती तर... माणूस स्वतःविरुद्ध असा किती वर्षं खटला चालवू शकतो?

चाचणी गिट्टीच्या एका बंद पडलेल्या खाणीत ठरली. त्या दिवशीचं सगळं मला मेश्रामनं सांगितलं, हाताला पट्ट्या असताना, आमच्या दिवाणखान्यात खाली मान घालून.

सकाळी ढकलण्याची चाचणी झाली. ट्रकची वीज तोडली आणि मागून दुसरा ट्रक लावला. चाकं जाम, टायर दगडावर घासत चार-पाच फूट गेले, काळे पट्टे उमटले, आणि ढकलणाऱ्या गाडीचाच क्लच धुमसायला लागला. भाऊजी म्हणाले, "लिहा मेश्राम, हलली नाही." मग दुपारी गोळीची चाचणी. बंदूक वापरायची परवानगी नव्हती, म्हणून खडक फोडायचा पोकलेन आणला होता. त्याच्या दांड्यानं बॅटरीला आरपार भोक पाडायचं ठरलं. त्याआधी भाऊजींनी सगळ्यांना दगडांच्या ढिगामागं नेलं आणि मोठ्यानं मोजलं. अकरा माणसं. पोकलेनचा ड्रायव्हर दांडा घुसवून धावत मागं येऊन मिळाला तेव्हा पुन्हा मोजलं. बारा. ट्रकच्या कॅबिनचं दार त्यांनी स्वतः उघडून, सीटखाली हात फिरवून, बंद केलं होतं.

दांडा घुसला तेव्हा आधी नुसती शीळ ऐकू आली. मग ट्रकच्या पोटातून पांढरा धूर निघाला, जाड, जमिनीलगत पसरणारा. मग एकामागून एक फटाफट आवाज, आणि बाजूनं ज्वाळा सुटल्या; वर जाणाऱ्या नाही, आडव्या, वेल्डिंगच्या टॉर्चसारख्या, पंधरा-पंधरा फूट. एका ज्वाळेनं समोरच्या दगडाचे उकलून दोन तुकडे केले. टँकरनं पाणी मारलं. आग बसली. साहेब लोकांनी घड्याळं पाहिली, कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. भाऊजी म्हणाले, "थांबा. ही मेली नाही." ते बरोबर होते. वीस मिनिटांनी पोटातून पुन्हा गुरगुर आली, आग या वेळी वरच्या बाजूनं, कॅबिनच्या तळातून आत शिरली, काचा फुटल्या.

आणि हॉर्न वाजायला लागला.

मेश्राम म्हणाला, "मॅडम, आम्हाला काहीच वाटलं नाही. वायर शॉर्ट झाली, असंच वाटलं. एकानं तर हसून कानांत बोटं घातली. सुभेदारसाहेब माझ्या बाजूला होते. मी त्यांच्याकडं पाहिलं तर त्यांचा चेहरा... आणि ते पळाले. सत्तरीला आलेला माणूस असा पळू शकतो, मला माहीत नव्हतं. मी ओरडलो, साहेब, आत कोणी नाही! तुम्हीच मोजलं! सगळे ओरडत होतो." भाऊजींनी पायदानावर पाय ठेवला, तापलेलं हँडल उघड्या हातानं धरलं, दार ओढून उघडलं आणि अर्धे आत शिरले. सीटवर हात फिरवला. सीटखाली फिरवला. मेश्रामनं ते स्वतः पाहिलं, कारण तो त्यांच्या मागं धावला होता. तेवढ्यात खालून ज्वाला सुटली. त्यांची पँट कंबरेपर्यंत एका क्षणात जळून गेली. मेश्रामनं त्यांना पट्ट्याला धरून मागं खेचलं तेव्हा त्यांच्या तळहाताची कातडी हँडललाच राहिली होती.

ते नऊ दिवस जगले. जळण्यापेक्षा धुरानं जास्त घात केला. त्या धुरात असा वायू असतो, जो फुप्फुसातल्या ओलाव्याला लागला की आम्ल होतो. माणूस आतून जळत राहतो. हे मी वर्गात शिकवलेलं आहे, फळ्यावर लिहून. तिसऱ्या दिवशी मला दोन मिनिटं आत सोडलं. तोंडावर मास्क, डोळ्यांच्या फटी तेवढ्या दिसत होत्या. मी म्हटलं, भाऊजी, मी अलका. मग मास्कच्या आतून खरखरीत आवाज आला.

"आत कोनी नव्हतं वं."

"नव्हतं, भाऊजी. कोणी नव्हतं. हॉर्न आपोआप वाजला."

"म्या उघडून पाह्यलं."

"हो. मेश्रामनं सांगितलं मला."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, इतक्या वर्षांनी या माणसाला उत्तर मिळालं, आता याला शांत झोप लागेल. मी उठणार, तेवढ्यात ते पुन्हा बोलले, अगदी स्पष्ट.

"त्या टायमाले नाही पाह्यलं."

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना उत्तर मिळालं, असं मी कोणाला सांगत नाही. वाजू शकतो आणि वाजला यातला फरक त्यांनी मला फार पूर्वीच सांगितला होता.

तेरवी झाल्यावर मी ताईला सगळं सांगायचं ठरवलं. दलीप, ढकललेली गाडी, हॉर्न. पहिली दोनच वाक्यं बोलले असेन, ती म्हणाली, "मले माहीत हाये." तिनं मला जवळ बसवलं. "झोपेत उजवा पाय दाबत राह्यचे वं. सारखा दाबत राह्यचे, मंग एकदम उचलत, मंग पुन्हा दाबत. पलंगाची पायथ्याची फळी दोनदा बदलली. तुले सांगत होते ना गाडीत, तवा मी जागीच होती. म्या म्हटलं, सांगू दे. मले नाही तं तुले तरी सांगून राह्यले." आणि मग तिनं पहिल्यांदा माझ्यासमोर रडून घेतलं, मोठ्यानं, आमच्या गावच्या बायका रडतात तसं, एकेक गोष्ट उच्चारत.

मेश्राम आला तो त्यानंतरच्या रविवारी. कंपनीनं भाऊजींच्या वहीवरून टाइप केलेला अहवाल त्यानं आणला होता, पुढं पाठवण्याआधी घरच्यांनी पाहावा म्हणून. ताईनं त्याला वाचून दाखवायला सांगितलं. बर्फ, बॅटरी, कॉम्प्युटर, जाम चाकं, सगळं आलं होतं, नीट, सभ्य भाषेत. निष्कर्षात लिहिलं होतं की आहेत तशा गाड्या लढाईच्या पहिल्या रांगेत पाठवू नयेत. मागच्या छावण्यांत, सपाटीवर, रात्री आवाज न करता सामान हलवायला वापराव्यात. आणि वीज गेली तरी हातानं ब्रेक सोडता येईल असा लिव्हर बसवल्याशिवाय एकही गाडी डोंगरात चढवू नये. वाचून संपलं. ताईनं विचारलं, "बस? यायनं लिहिलं ते सगळं हेच?" मेश्रामनं पिशवीतून भाऊजींची वही काढली. शेवटच्या पानावर, चाचणीच्या आदल्या दिवसाच्या तारखेखाली, भाऊजींच्या अक्षरात एक मुद्दा होता जो टाइप झाला नव्हता: 'गाडी कोणतीही असो, डिझेलची की विजेची. ढकलून देण्याआधी एका माणसानं कॅबिन उघडून पाहावं. ही ऑर्डर लेखी असावी, म्हणजे ड्रायव्हरवर येणार नाही.'

"वरचे साहेब म्हणाले, हा टेक्निकल मुद्दा नाही," मेश्राम हळूच म्हणाला.

"तं मंग काय हाये तो?" ताईनं विचारलं. तिनं रागानं विचारलं नव्हतं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मेश्रामनं पेन मागितलं. उजव्या हाताला पट्ट्या होत्या, म्हणून डाव्या हातानं, पहिलीतल्या मुलासारख्या वेड्यावाकड्या अक्षरांत, त्यानं तो मुद्दा टाइप केलेल्या अहवालाखाली लिहिला आणि खाली स्वतःची सही केली. त्या सहीमुळं त्याला कंपनीत काय ऐकून घ्यावं लागलं ते त्यानं सांगितलं नाही. अहवाल तसाच पुढं गेला एवढं मला माहीत आहे. कोणी वाचला का, माहीत नाही.

गेल्या आठवड्यात ताईला गावी सोडायला निघाले. भाड्याची गाडी, भर दुपार, मोसंबीच्या बागांमधून जाणारा रस्ता. एका वळणापुढं रस्त्याच्या कडेला ट्रक उभा होता. जळलेला नाही, फुटलेला नाही, साधा, माल भरलेला, दिवे बंद. आमची गाडी पुढं निघून गेली. ताई ड्रायव्हरला म्हणाली, "थांब गा." तो म्हणाला, "बाई, इथं काहीच नाही." "थांब म्हटलं ना." ती उतरली, उन्हात मागं चालत गेली. गुडघे दुखतात तिचे. पायदानावर चढताना तिनं दोन्ही हातांनी कॅबिनचा दांडा धरला, टाचा उंचावल्या आणि काचेवर बोटांनी टकटक केलं. मी धावत पोचले तोवर दार उघडलं होतं. आत एक मध्यमवयीन ड्रायव्हर झोपेतून उठून, बनियन नीट करत, घाबरून तिच्याकडं बघत होता.

"क्या हुआ, माताजी? गाडी हटानी है?"

ताई त्याच्याकडं बघत राहिली. त्याच्या चेहऱ्याकडं, हातांकडं, सीटवर पसरलेल्या चादरीकडं.

"नही बेटा," ती म्हणाली. "कुछ नही. सो जा."